वीस वेळा टिकलेली खिटी

मायलो सेडलाकने आपलं पिस्तूल उघडलं ते फक्त तेलाचा एक थेंब सोडायला. रविवार होता आणि नऊ वाजायला दहा मिनिटं कमी होती. नेमबाजी क्लबच्या स्पर्धेत त्याची तुकडी दुपारी उतरणार होती, त्यामुळे घाई कसलीच नव्हती. स्वयंपाकघरातून कोलाचींचा वास येत होता. त्याची बायको आर्डिथ दर महिन्याला क्लबच्या जेवणासाठी हे जर्दाळू भरलेले गोड पाव भाजायची. मायलोने पिस्तुलाचा मागचा भाग खिडकीच्या उजेडात धरला आणि तेलाची कुपी त्याच्या हातात तशीच राहिली.

आतली खिटी काळी होती. ती सोनेरी असायला हवी होती.

ही खिटी म्हणजे करंगळीच्या नखाएवढा पोलादी तुकडा. पिस्तुलाचा घोडा मागे चढला की त्याला अडवून धरायचं, एवढंच तिचं काम. चाप ओढला की ती सरकते, घोडा सुटतो आणि गोळी जाते. चाप ओढला नाही, तर घोडा आणि गोळी यांच्यामध्ये त्या नखाएवढ्या तुकड्याखेरीज दुसरं काही नसतं.

मायलोने भिंग लावून पुन्हा पाहिलं. खिटी काळीच होती, म्हणजे कारखान्यातली मूळची. त्याच्या पिस्तुलात मागच्या आठवड्यापासून टपालाने मागवलेल्या हलक्या चापाच्या संचातली सोनेरी मुलाम्याची खिटी होती. काळी खिटी होती ती त्याच्या मुलीच्या, कॉरिनच्या पिस्तुलात.

बापलेकींनी चार वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन पिस्तुलं घेतली होती. त्यांच्या क्रमांकांत एकाचाच फरक होता. आर्डिथ त्यांना जुळी म्हणायची.

कॉरिन तिचं पिस्तूल घेऊन सकाळी साडेसातलाच मैदानावर गेली होती. तिची तुकडी पहिली होती, आणि पहिल्या तुकडीची सुरुवात नऊला व्हायची.

मायलो खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला.

काल दुपारी काय काय केलं ते त्याने क्रमाने आठवलं. पस्तीस वर्षं त्याने डोरनच्या धान्यकोठारात यंत्रं दुरुस्त केली होती आणि तिथली एक रीत त्याच्या हातात बसली होती. दोन सारख्या मोटारी आहेत, एक चालते आणि एक चालत नाही, तर दोघींमधला एकेक भाग अदलाबदल करायचा आणि रोग कुठे जातो ते बघायचं. ज्या भागाबरोबर रोग जाईल तो भाग खराब. या रीतीने त्याला कधी दगा दिला नव्हता.

नवा संच बसवल्यापासून त्याच्या पिस्तुलाला एक खोड लागली होती. वरची स्लाइड मागे ओढून सोडली की घोडा चढून राहायला हवा. एरवी तो राहायचा, पण कधीतरी, पन्नासात एखाद्या वेळी, आपोआप पडायचा. अजून त्यात काडतूस घालून मायलोने ते चालवलं नव्हतं. जे काही चाललं होतं ते घरामागच्या शेडमध्ये, रिकाम्या पिस्तुलावर.

म्हणून काल त्याने कॉरिनचं पिस्तूल मागून घेतलं. आर्डिथचे केक भाजायचे दोन जुने साचे समोर ठेवले, प्रत्येकात बारा वाट्या. डाव्या साच्यात त्याचे भाग, उजव्या साच्यात तिचे. सगळ्यात आधी त्याने खिट्या बदलल्या. सोनेरी कॉरिनच्या पिस्तुलात गेली आणि काळी त्याच्यात आली. मग कॉरिनचं पिस्तूल वीस वेळा ओढून सोडलं. वीसही वेळा घोडा टिकला. म्हणजे खिटी निर्दोष, असं त्याने ठरवलं. मग आपल्या पिस्तुलाची स्प्रिंग बदलली आणि ते साठ वेळा ओढलं. साठही वेळा घोडा टिकला. वहीत त्याने लिहिलं : ‘दोष स्प्रिंगमध्ये. मिटला.’

पन्नासात एकदा दिसणारा रोग त्याने विसात शोधला होता. आणि साठ वेळा जे टिकलं ते नव्या स्प्रिंगमुळे टिकलं नव्हतं, मुलीच्या काळ्या खिटीमुळे टिकलं होतं. निर्दोष ठरलेल्या वस्तूकडे माणूस पुन्हा वळून बघत नाही. चारला पिस्तूल न्यायला आलेल्या कॉरिनने अंगणात हॉर्न वाजवला तेव्हा त्यानेही बघितलं नव्हतं; सोनेरी खिटी तिच्या पिस्तुलातच राहिली.

त्याहून वाईट आठवण पुढची होती. कॉरिनने शेडमध्येच आपलं रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरून एकदा चाप ओढला होता.

“बाबा, चाप हलका लागतोय.”

“तेल घातलंय.”

“तेलाने एवढा फरक पडतो?”

“मी घातलेल्या तेलाने पडतो,” असं म्हणून तो हसला होता. तीही हसली होती.

“आर्डिथ!” मायलोने हाक मारली. “आर्डिथ, गाडीची किल्ली!”

ती हात पुसत दारात आली. “आता कुठे? तुझी तुकडी तर दीडला आहे.”

“कॉरिनला फोन लाव. पिस्तूल भरू नको म्हणून सांग. काहीही झालं तरी भरू नको.”

आर्डिथ ॲप्रन न काढताच गाडीत बसली. बांधून ठेवलेली कोलाचींची टोपली तिने निघताना सवयीने उचलली होती, ती मांडीवर घेतली.

मैदान चौदा मैलांवर होतं, ब्लू नदीच्या काठी, वाळूच्या जुन्या खाणीत. खाणीत फोनला रेंज नव्हती आणि असती तरी उपयोग नव्हता. स्पर्धेत सगळ्यांचे फोन गाडीत असतात आणि कानांवर आवाज अडवणारी कवचं असतात. आर्डिथने कॉरिनला फोन लावला, मग क्लबच्या चिटणिसाला, मग पुन्हा कॉरिनला.

“लागतच नाहीये,” ती म्हणाली.

“लावत राहा.”

“लावतेच आहे. तू रस्त्याकडे बघ. आणि काय झालंय ते सांग मला, मूग गिळून बसू नकोस.”

त्याने सांगितलं. सांगताना ते घडलं होतं त्यापेक्षाही मूर्खपणाचं वाटत होतं.

“म्हणजे चापाला हात न लावता गोळी सुटेल?”

“सुटेलच असं नाही. सुटू शकते.”

“कधी?”

“काडतूस नळीत गेल्यावर कधीही. स्लाइड सोडताना. सेफ्टी काढताना. होल्स्टरमध्ये घालताना.”

होल्स्टरचं नाव निघालं. दोघांच्याही डोळ्यांसमोर ड्वेन व्हर्बका आला. अकरा वर्षांपूर्वी याच खाणीत ड्वेनने भरलेलं पिस्तूल कमरेला खोचलं आणि गोळी मांडीत शिरून पोटरीतून बाहेर पडली. दवाखाना अडतीस मैलांवर. मायलोच गाडी चालवत होता आणि मागच्या सीटवर लीलंड फायफर ड्वेनच्या मांडीवर दोन्ही मुठी रोवून बसला होता. ड्वेन जगला. डॉक्टर म्हणाले होते की गोळी अर्धा इंच आत असती तर दहा मैलसुद्धा गाठता आले नसते.

कॉरिन होल्स्टर उजव्या कमरेला लावायची. मायलोने ते स्वतः शिवून दिलं होतं.

सहाव्या मैलावर रस्ता अडला. मका पिवळा पडला होता, कापणी सुरू होती आणि पुढे रस्ताभर पसरलेलं कापणीयंत्र डुलत चाललं होतं. मायलोने हॉर्न दाबून धरला. वरच्या माणसाने मागे न बघता हात हलवला, जणू कुणी ओळखीचा राम राम करतोय.

“हा तर शेजारच्या स्टॅन्लीचा भाचा,” आर्डिथ म्हणाली. “बहिरट मेला, कानात गाणी घालून बसलाय.”

मायलोने गाडी चराच्या उतारावर घातली. उजवी चाकं घसरली, मक्याची ताटं आरशावर आपटली, टोपलीतल्या दोन कोलाच्या खाली पडल्या. यंत्र मागे गेलं. घड्याळात नऊ वाजून चौदा मिनिटं झाली होती. नऊला सूचना वाचून दाखवतात, त्याला दहा मिनिटं लागतात. मग नावांचे पत्ते पिसून नेमबाजांचा क्रम लागतो. कॉरिनचा क्रमांक पहिला असू शकतो आणि नववाही.

“मायलो,” आर्डिथ थोड्या वेळाने म्हणाली, “ती सोनेरी खिटी घोडा सोडते कशामुळे?”

“धातू मऊ असेल. धार झिजली असेल.”

“नवी ना रे ती?”

“नवीच.”

“मग तू आणखी कुणाकुणाला त्या बसवून दिल्यास, त्यासुद्धा नव्याच ना?”

मार्चपासून मायलोने क्लबमधल्या चौघांना तोच संच बसवून दिला होता. चाप हलका करायचा तर मायलोकडे जा, असं अख्ख्या तालुक्यात म्हणायचे. ही चार नावं आत्तापर्यंत त्याच्या मनात आली नव्हती.

“आधी कॉरिन,” आर्डिथ हळूच म्हणाली.

खाणीच्या फाटकाशी पोचेपर्यंत गोळ्यांचे आवाज ऐकू यायला लागले. सात-आठ गोळ्या एका लयीत, मग शांतता. मायलो त्या शांततेत कान देऊन होता. लय बरोबर होती. हे कॉरिनचं नेम धरणं नव्हतं, ती याहून वेगाने मारते. मग एक मोठी शांतता झाली, म्हणजे निशाणांच्या भोकांवर कागद डकवत असणार. म्हणजे कुणाचा तरी डाव संपला आणि आता पुढच्याचा येणार.

गाडी बंद न करताच तो उतरला. तेहतीस पावलं असतील तिथून तिसऱ्या बांधापर्यंत. मातीच्या उंच बांधांनी तीन बाजूंनी घेरलेल्या त्या चौकात आठ माणसं मागे उभी होती आणि एक पुढे. पुढे कॉरिन होती. तिची वेणी, तिची निळी टोपी. तिच्या खांद्याशी आजचा पंच लीलंड वेळ मोजायचं यंत्र घेऊन उभा होता. ‘तयार हो’ ही आज्ञा देऊन झाली होती. कॉरिनने काडतुसं भरलेलं मॅगझिन बसवलं, स्लाइड ओढून सोडली. काही झालं नाही. घोडा टिकला होता. तिने अंगठ्याने सेफ्टी वर केली आणि पिस्तूल होल्स्टरकडे न्यायला सुरुवात केली.

मैदानावर एक शब्द असा आहे की तो कुणीही, कधीही ओरडू शकतो आणि तो ऐकला की सगळ्यांनी आहे तिथे थिजायचं. तीस वर्षांत मायलोने तो एकदाही वापरला नव्हता.

“थांब!”

सगळे थिजले. कॉरिनचा हात कमरेशी होता. पिस्तुलाचं तोंड होल्स्टरच्या तोंडावर, आत जायला दोन बोटं बाकी. खाली तिची मांडी होती.

“कोण ओरडलं?” लीलंडने मान न वळवता विचारलं.

“मी. मायलो. कॉरिन, आत घालू नकोस. सावकाश वर घे. तोंड बांधाकडे कर.”

“बाबा?”

“बोट बाहेर ठेव आणि वर घे. झटका देऊ नकोस, बाळा.”

ती दहा वर्षांची झाल्यापासून तो तिला बाळा म्हणाला नव्हता. कॉरिनने पिस्तूल वर घेतलं. एकेक इंच, ओट्यावरून उकळत्या दुधाचं पातेलं उचलावं तसं. मांडीच्या वरून, गुडघ्याच्या पुढून, शेवटी दोन्ही हातांत समोरच्या बांधाकडे.

“त्यात माझी खिटी आहे,” तो म्हणाला. “ती धरत नाही. केव्हाही सुटेल.”

मागच्या आठजणांपैकी कुणीतरी दबक्या आवाजात देवाचं नाव घेतलं. लीलंडने फक्त डावा हात मागे हलवला आणि सगळे मागे सरकले. तो स्वतः मात्र हलला नाही.

“मॅगझिन काढ, पोरी,” लीलंड म्हणाला. सत्तरीचा माणूस, पण आवाजात एक कंप नाही. “पडू दे खाली.”

मॅगझिन वाळूत पडलं. आता नळीत एक काडतूस उरलं. ते काढायला स्लाइड ओढावी लागते आणि त्यासाठी सेफ्टी उतरवावी लागते. हे तिघांनाही माहीत होतं. आणि खिटीला आत्ता जर कशाने धरून ठेवलं असेल, तर ते त्या सेफ्टीनेच.

“बाबा, काढू?”

मायलोला ‘नको’ म्हणायचं होतं. पिस्तूल आपल्या हातात घ्यायचं होतं. पण भरलेलं पिस्तूल एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचं नसतं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

“तोंड बांधात. बोट बाहेर. घट्ट धर, सुटणार आहे असं समजूनच धर. मग काढ.”

कॉरिनने अंगठा खाली नेला.

गोळी सुटली. बांधातून वाळूचा फवारा उडाला. तिचं उजवं बोट सरळ होतं, चापापासून लांब, पिस्तुलाच्या अंगाला चिकटलेलं. ते सगळ्यांनी पाहिलं.

मग लीलंड म्हणाला, “रिकामं दाखव.” कॉरिनने स्लाइड मागे ओढून दाखवली, त्याने नळीत डोकावून पाहिलं, मान हलवली. तिने पिस्तूल होल्स्टरमध्ये घातलं आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले.

“तुझा दिवस संपला, पोरी,” लीलंड म्हणाला. “नेम न धरता गोळी गेली की त्या दिवशी घरी. क्लबचा नियम.”

“तिचं बोट बाहेर होतं, लीलंड!” मायलो म्हणाला.

“पाहिलं मी. नियमात बोट नाही, गोळी आहे.”

“राहू दे, बाबा.” कॉरिनने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “मी काल म्हणाले होते, चाप हलका लागतोय.”

“हो.”

“तू तेल म्हणालास.”

“हो.”

ती वाळूतलं मॅगझिन उचलायला वाकली. तिने ओरडायला हवं होतं, असं मायलोला वाटलं. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

शेजारच्या चौकातून गोळ्या सुरू झाल्या. मायलो दचकला. ती दुसरी तुकडी होती. कोण कोण होतं त्या तुकडीत?

“लीलंड, सगळं थांबव,” तो म्हणाला. “सगळे चौक.”

“कशाला? हे तर झालं ना.”

“झालं नाही. आणखी चौघांच्यात हीच खिटी आहे. मीच बसवलीय.”

शिट्टी वाजली. बघता बघता तिसऱ्या बांधापाशी तीसेक माणसं जमली. मायलोने आयुष्यात चारचौघांत भाषण केलं नव्हतं. त्याने टोपी काढली.

“मार्चपासून ज्यांनी माझ्याकडून चाप हलका करून घेतला,” तो म्हणाला, “त्यांनी आज काडतूस भरायचं नाही. पिस्तुलं मला द्या. माझ्या हातून चूक झालीय. आत्ता माझ्या पोरीचा पाय थोडक्यात वाचलाय.”

“माझं पाच महिने मस्त चाललंय,” कुणीतरी मागून म्हणालं. “माझ्यात काय खोट निघणार?”

“माझं पण काल मस्तच चाललं होतं. वीस वेळा.”

“आणि घरी काय, तसंच परत लावशील? पुन्हा तेल घालून?” दुसरा कुणी म्हणाला. काहीजण हसले, पण ते हसणं लगेच विरलं.

गर्दीतून ड्वेन व्हर्बका लंगडत पुढे आला. चौघांतला तो पहिला. त्याने लीलंडला रिकामं पिस्तूल दाखवलं, मग सुरक्षित टेबलाकडे बोट केलं. या टेबलावर पिस्तूल हाताळायला परवानगी असते, पण काडतूस तिथे आणायचं नाही.

“माझा एक पाय अजून धड आहे, मायलो,” ड्वेन म्हणाला. “मला त्याची सवय झालीय. बघ बाबा नीट.”

आर्डिथने टोपलीतल्या कोलाच्या एका ताटात ओतल्या आणि टोपली भाग ठेवायला टेबलावर आणून ठेवली. मायलोने ड्वेनचं पिस्तूल उचललं. शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कॉरिन येऊन बसली होती. तिच्या एका हातात टॉर्च होती, दुसऱ्यात एक भिंग.

“मी मोजते,” ती म्हणाली. “तू ओढ.”

त्याने रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड ओढून सोडली. घोडा टिकला. “एक,” कॉरिन म्हणाली. दूरच्या शेतातून कापणीयंत्राची घरघर ऐकू येत होती. दहा झाले. पंधरा. मायलोच्या कपाळावरचा घाम भिंगावर टपकला, तिने तो बाहीने पुसला. अठरा. एकोणीस. वीस.

मायलोचा हात आपोआप थांबला.

“पुढे,” कॉरिन म्हणाली.

त्याने पुन्हा ओढलं. एकवीस. तीस. ड्वेनच्या चेहऱ्यावर थोडं हसू यायला लागलं होतं. चौतीस. पस्तीस. स्लाइड पुढे गेली आणि घोडा खाली पडला. टक् असा आवाज झाला. एवढासाच, पेनाचं बटण दाबल्यासारखा. मायलोचं बोट चापापासून लांब होतं.

ड्वेनने खाली आपल्या धडधाकट पायाकडे पाहिलं आणि टेबलाचा काठ धरला. मागे ज्याचं पाच महिने मस्त चाललं होतं, तो गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि त्याने आपलं पिस्तूल लीलंडपुढे धरलं.

कॉरिनने ड्वेनची सोनेरी खिटी काढून टोपलीत टाकली आणि क्लबच्या वहीत लिहिलं : ‘पस्तीस.’ मग दुसरं पिस्तूल बापाच्या समोर ठेवलं आणि टॉर्च पुन्हा वर धरली.

“एकपासून,” ती म्हणाली.